जुन्या ढाब्याची चव जाते कुठे? ताटावरून कसं ओळखायचं

प्रश्न थोडक्यात असा. लिहिणारे भाऊ मूळचे कारंजा लाडजवळच्या गावचे, आता पुण्यात असतात. लहानपणी वडील बाजार समितीत माल विकून आले की जुन्या नागपूर-औरंगाबाद रस्त्यावरच्या एका ढाब्यावर सगळ्यांना जेवायला न्यायचे. पाटवडी रस्सा, दाल-कांदा, ज्वारीची भाकर. यंदा बऱ्याच वर्षांनी ते आई, बायको आणि मुलांना घेऊन मुद्दाम तिथे गेले. पाटी तीच होती, गल्ल्यावर मालकही तेच होते. पण रस्सा लालभडक दिसून गोडसर-आंबट लागला, दाल-कांद्याला जवळपास तीच चव, भाकर चिवट. आईनं अर्धी भाकर ताटात तशीच ठेवली. त्यांनी विचारलंय: ढाबा बिघडला की माझी जीभ? मालकांना सांगावं का? आणि परत जावं का?

भाऊ, मी बरीच वर्षं तालुक्याच्या गावात खानावळ चालवली. आता ती माझी भाची पाहते, आणि ज्यांच्या हॉटेलातली चव उतरली त्यांच्या स्वयंपाकघरात मी जाऊन बसते. बोलावणाऱ्या मालकाचं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, मसाला तोच हाय, पण गिऱ्हाईक म्हन्ते मजा नाही राहिली." त्यामुळे तुमचा प्रश्न मला गल्ल्याच्या पलीकडून रोज ऐकू येतो.

आधी जिभेचं सांगते, कारण बहुतेक जण तिलाच दोष देऊन गप्प बसतात. जीभ बदलते, हे खरं आहे. वय वाढलं की वास कमी येतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकातून येतो. २०२०-२१ मध्ये करोनात ज्यांचा वास गेला, त्यांतल्या काहींना तो अजून पूर्वीसारखा आलेला नाही. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तोंडाला धातूसारखी चव येते. दोन-तीन महिने कमी मिठाचं खाल्लं की जुनं जेवण खारट वाटायला लागतं. तिखटाची सवय सुटली तर तिखटाखालचं काहीच कळत नाही, नुसती आग कळते. आणि भूक. बाजार समितीत सकाळपासून काट्यापाशी उभं राहून, विक्रीची पट्टी हातात पडल्यावर दुपारी तीन वाजता बसलेल्या माणसाला जे लागतं ते गाडीत वेफर्स खात आलेल्याला लागणार नाही.

पण तुमच्या पत्रात तीन गोष्टी अशा आहेत की जीभ सुटते. जीभ बदलली असती तर सगळंच फिकं किंवा सगळंच जहाल लागलं असतं. तुम्हाला रस्सा गोडसर-आंबट लागला, म्हणजे नेमकी वेगळी चव कळली. दुसरं, दोन भाज्यांची चव सारखी लागली, हे ओळखायला चांगली जीभ लागते. तिसरं, आईनं भाकर ठेवली. आपल्याकडच्या ज्या पिढीनं दुष्काळ पाहिला, त्या पिढीतली बाई ताटात भाकर ठेवत नाही. तिच्या अर्ध्या भाकरीवर माझा भरवसा आहे. पुढच्या वेळी शंका आली तर ताटातला कच्चा कांदा, लिंबू आणि हिरवी मिरची आधी चाखा. त्या तिन्ही जशा लागायच्या तशा लागल्या तर जीभ शाबूत आहे, दोष पातेल्यात आहे.

आता रस्सा. गोडसर-आंबट म्हणालात तिथेच मला कळलं. पाटवडीच्या रश्श्यात गोड-आंबट यायचं काही कारणच नाही. आपल्याकडचा रस्सा कसा होतो ते सांगते. कांदा निखाऱ्यात किंवा तव्यावर काळपट होईस्तोवर भाजायचा, सुकं खोबरं भाजायचं, खसखस, धने, दगडफूल, मसाल्याचे खडे थोड्या तेलावर एकेक करून परतायचे, कारण धन्याला लागतो तेवढा वेळ खसखशीला दिला तर ती जळून कडू होते. वाटण पाट्यावर किंवा मिक्सरवर अगदी बारीक. मग ते तेलात परतत राहायचं. पाणी उडतं, वाटण तळ सोडतं, कडेनं तेल सुटतं, तेव्हा तिखट आणि लगेच गरम पाणी. त्यानंतर मंद आचेवर उकळत ठेवलं की तर्री आपोआप वर येते. यात टमाटर नाही, आणि असलंच तर एखादं भेदरं, म्हणजे गावरान टमाटर. साखर तर नाहीच.

तुमच्या ताटातला गोडवा आला तो कांदा-टमाटर-मगज बीच्या (खरबुजाच्या सोललेल्या बियांच्या) ग्रेव्हीतून. काही ठिकाणी त्यात काजूचा तुकडाही असतो. ही ग्रेव्ही सकाळी एकदाच मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात करतात, थंड करून फ्रीजमध्ये ठेवतात आणि दिवसभर त्यातूनच पनीर, काजू करी, मिक्स व्हेज, कोफ्ता निघतं. मेनूकार्डावर ऐंशी पदार्थ असले की दुसरा इलाजही नसतो. एकदा तो गंज हाताशी आला की गर्दीच्या वेळी आचारी पाटवडीलाही त्यातलीच दोन पळ्या घालतो, वरून लाल तिखट आणि गरम मसाला मारतो. दाल-कांद्यालाही तेच. म्हणून तुम्हाला दोन्ही भाज्या एकसारख्या लागल्या. मला वाटतं, गावाकडच्या ढाब्यांची चव ज्या एका गोष्टीनं सर्वांत जास्त मारली ती ही ग्रेव्ही. पंजाबी जेवणाशी माझं वैर नाही, ते चांगलं करणारे हात मी पाहिलेत. पण त्या ग्रेव्हीचा पाया आपल्या रश्श्याला चालत नाही.

रंगाचंही बघा. तिखटाचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून चमच्यानं तर्री बाजूला सारली की खालचा रस्सा भाजलेल्या वाटणाचा, तपकिरी-मातकट दिसायला हवा. तिथेही लालभडक असेल तर खाण्याचा रंग घातल्याची शंका घ्यावी. भिवापूरची मिरची असो की दुसरी कुठली गावरान, नुसत्या मिरचीनं खालचं पाणी असं पेटल्यासारखं दिसत नाही.

पाटवडी स्वतः काय सांगते? चांगल्या पाटवडीच्या कडा रश्श्यातही धारदार राहतात, कारण वाढायच्या वेळी ती रश्श्यात सोडलेली असते. सकाळीच टाकून ठेवली तर ती पाणी पिऊन फुगते, कडा झडतात आणि रस्सा बेसनानं दाट होतो. तो दाटपणा गिऱ्हाइकाला सुरुवातीला बरा वाटतो, पण तोंडात पिठूळ लागतो. वडी चिकट आणि कच्चट लागली तर बेसनातच वाटाण्याचं पीठ असण्याची शक्यता आहे. पिवळा वाटाणा हरभऱ्याच्या डाळीपेक्षा स्वस्त पडतो. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं त्यावरचं आयात शुल्क काढलं होतं, तेव्हा तो बाजारात भरपूर आला. अशा पिठाची वडी घाटताना हवी तशी गोळा होत नाही, आणि पोटालाही जड पडते. ज्या मालकाला आपल्या पाटवडीची काळजी आहे तो डाळ आणून गिरणीवरून दळून घेतो. एवढं एक काम परत सुरू केलं तरी गिऱ्हाईक आठ दिवसांत ओळखतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

मसाल्याची आणखी एक अडचण आहे. खसखस हजाराच्या वर गेल्यापासून ती कुठेच पूर्ण प्रमाणात पडत नाही. तिच्या जागी फुटाण्याची डाळ किंवा फल्लीचा, म्हणजे शेंगदाण्याचा कूट येतो. खोबऱ्याच्या जागीही फल्ली. त्यानं दाटपणा मिळतो, पण खसखशीचा जो मऊ, खोल स्वाद असतो तो येत नाही आणि फल्लीचा गोडवा मात्र वर येतो. शिवाय वाटलेला मसाला टिकत नाही. धन्यातलं सुगंधी तेल उडून जाणारं असतं. अख्खा धना ते धरून ठेवतो, कुटला की सोडतो. खोबऱ्याचं तेल खवट होतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि भट्टीशेजारच्या फळीवर त्याहून जास्त. तिथे महिनाभराचा मसाला डब्यात राहिला तर पंधराव्या दिवसापासून तो नुसता रंग आणि तिखट देतो.

तेलाचं थोडक्यात. विदर्भात जवस रब्बीला भरपूर व्हायचा. आमच्या लहानपणी घाणीवर जवसाचं तेल आठवड्यापुरतंच काढायचे, कारण ते लवकर खवट होतं. नागपूरच्या हलबा कोष्टी लोकांचं सावजी जेवण त्याच तेलावर उभं राहिलं. मग सोयाबीन आलं, ज्वारीचं क्षेत्र त्यानं खाल्लं, जवसही मागे पडला, आणि ढाब्यावर रिफाइंड सोयाबीन किंवा पाम तेल आलं. यात मालकाला दोष देता येत नाही. दोष देता येतो तो भजी-पुरीचं तळलेलं तेल परत फोडणीला वापरण्याबद्दल. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे: तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल फेकायचं. खाणाऱ्याला यंत्र लागत नाही. जेवणानंतर घशात खवखव आणि ओठांवर न पुसला जाणारा थर राहिला तर तेल थकलेलं आहे. थंडीच्या रात्री शाकाहारी भाजीवर पांढरट साय धरली तर ते पाम किंवा डालडा.

दाल-कांद्याकडे मात्र मी जरा वेगळ्या डोळ्यांनी बघते, कारण तिथे दोष पाण्याचाही असू शकतो. दाल-कांद्याची डाळ हरभऱ्याची. ती बोटांत दाबली की मोडली पाहिजे, पण ताटात अख्खी दिसली पाहिजे. जड पाण्यात हे होत नाही. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीचा दाणा घट्ट धरून ठेवतं. विहीर आटली, ढाब्यानं बोअर मारला, की त्या दिवसापासून डाळ शिजेना. मग आचारी चिमूटभर सोडा टाकतो. डाळ वरून चिखल होते, आतून कचकचीत राहते आणि जिभेवर साबणासारखं काही राहतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात हा त्रास जुना आहे. तिकडच्या जाणत्या आया वरणाचं पाणी वेगळं भरून ठेवायच्या. बोअर मारलेल्या ढाब्यांना मी पहिली गोष्ट तीच सांगते: डाळीपुरतं फिल्टरचं पाणी घ्या, डाळ चार तास भिजवा, सोडा बंद. खर्च किरकोळ आहे आणि फरक त्याच दिवशी ताटात दिसतो.

भाकर चिवट होती म्हणालात. नुसत्या ज्वारीची भाकर थंड झाली तर कडक होते, मोडते. चिवट होत नाही. चिवटपणा कणकेचा. ज्वारीचं पीठ शिळं झालं की थापताना कडा फाटतात, मग त्यात मूठभर कणीक घालतात म्हणजे कुणालाही लाटता येते. हे "कुणालाही" फार महत्त्वाचं आहे. भाकर थापणारी बाई ढाब्याची सर्वांत मोलाची कारागीर असते आणि तिला मजुरी सर्वांत कमी मिळते. दिवाळीपासून कापूस वेचणी सुरू झाली की ती किलोमागे पैसे मिळतात म्हणून वावरात जाते, आणि तिनं का जाऊ नये? त्या दोन-तीन महिन्यांत कितीतरी ढाब्यांची भाकर पडते. तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेला असाल तर हेही एक कारण समजा. खानावळ असताना मी वेचणीच्या दिवसांत भाकरवालीची मजुरी वाढवायचे. त्यासाठी ताटामागे दोन-तीन रुपये वाढवले तर गिऱ्हाइकांतलं कुणी कुरकुरलं नाही.

आता तुम्ही न विचारलेलं सांगते, कारण माझ्या मते खरं दुखणं तिथे आहे. ढाब्याची चव त्याच्या गर्दीवर जगते. दुपारी साठ ताटं उठणार हे ठाऊक असेल तर आचारी निर्धास्तपणे ताजा रस्सा टाकतो, तो तीन तासांत संपतो, संध्याकाळी दुसरा. त्यात शिळं उरतच नाही. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी भाग सुरू झाला, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता मुंबईपाशी पोचला. लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे वळल्या. पुलगाव, कारंजा, मालेगाव, मेहकर या जुन्या रस्त्यावर जे ढाबे ट्रकवाल्यांच्या आणि रातराणी बसच्या प्रवाशांच्या जिवावर होते, त्यांचं गिऱ्हाईक पातळ झालं. साठ ताटांच्या जागी कधी वीस, कधी बावीस, कधी आठच. मग आचारी रस्सा कमी करत नाही, तो टिकेल असा करतो. फ्रीज येतो, ग्रेव्ही येते. उरलेल्या रश्श्यात दुसऱ्या दिवशी पाणी आणि तिखट पडतं. गिऱ्हाईक ओढायला मेनू वाढतो, चायनीजची गाडी दारात लागते, आणि प्रत्येक नवा पदार्थ जुन्या पदार्थाचा वेळ खातो. लाकडाच्या चुलांगणावर पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) आणि बाभळीच्या निखाऱ्यांवर रस्सा दोन तास रटरटला तरी वेगळे पैसे पडत नव्हते. आता १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर प्रत्येक तासाला पैसे लागतात, म्हणून वाटण पुरतं परतायच्या आधीच पाणी पडतं. चांगला आचारी हे सगळं बघून कंटाळतो आणि जिथे गर्दी आहे तिथे जातो.

याच्या उलटही होतं. एखाद्या ढाब्याचं नाव झालं, शनिवार-रविवारी दोनशे माणसं यायला लागली, की तोच रस्सा दसपट गंजात होतो. मोठ्या गंजात कांदा परतला जात नाही, स्वतःच्या पाण्यात शिजतो. खोल भांड्यातून पाणीही हिशेबानं उडत नाही. मसाला दसपट घातला तरी रस्सा पांचट राहतो, आणि ते झाकायला तिखट वाढतं. त्यावर उपाय एकच: मोठा गंज एक लावण्यापेक्षा मधले तीन लावायचे. आचाऱ्यांना हे आवडत नाही, कारण काम तिप्पट होतं. तरी मी त्यावर अडून बसते.

मालकांना सांगावं का? नक्की सांगा, आणि तुमच्यासारख्यांनीच सांगावं. नव्या गिऱ्हाइकाला आधीची चव ठाऊक नाही, आणि रोजचे ड्रायव्हर बोलत नाहीत, थांबणं बंद करतात. मालकाला गल्ला पाहून सहा महिन्यांनी कळतं. पण गल्ल्यावर चार माणसं उभी असताना "पहिल्यासारखं नाही राहिलं तुमचं" एवढंच म्हणू नका. ते वाक्य त्यांनी शंभरदा ऐकलंय आणि त्यावर करण्यासारखं त्यात काही नाही. दुपारी साडेतीन-चारला, जेवणाची वेळ सरल्यावर, बाजूला घेऊन नेमकं सांगा: "काका, वडलांसंगं येत होतो. रश्श्यात गोडवा लागला, टमाटराची ग्रेव्ही पडते का? भाकरीत कणीक हाय का?" आईला सोबत न्या. गावाकडच्या हॉटेलवाल्याला वयस्क बाईनं जेवणाबद्दल विचारलं तर तो टाळत नाही, आणि बहुतेक वेळा मन मोकळं करतो. कुणाचा आचारी गेलेला असतो, कुणाचं कर्ज असतं, कुणाची बायको मसाला करायची ती आता अंथरुणाला खिळलेली असते. ही माणसं वाईट नाहीत. वीस वर्षं ज्यानं तुमच्या वडलांना गरम भाकर वाढली, त्याला खरं सांगणारं माणूस मिळायला हवं, म्हणून मी एवढं जोर देऊन सांगतेय. फक्त इंटरनेटवर एक तारा देऊन निघून जाऊ नका. त्यानं त्यांचं आणखी वीस ताटांचं नुकसान होईल आणि रस्सा तसाच राहील.

परत जायचं असेल तर जाण्याची पद्धत बदला. सकाळी नऊच्या आत फोन करा आणि दोनच पदार्थ सांगा, किती माणसं ते सांगा. "ग्रेव्ही नको, वाटणाचा रस्सा पाहिजे, वडी वाढताना सोडा" असं स्पष्ट बोला. पाच-सहा माणसांची पक्की ऑर्डर असली की कुठलाही आचारी हौसेनं करतो, कारण त्यालाही रोज ग्रेव्ही ढवळायचा कंटाळा आलेला असतो. शक्यतो आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी जा. त्या दिवशी माल ताजा असतो आणि पातेलं रिकामं होतं. फोन करायचा राहिलाच तर मेनूकार्ड बाजूला ठेवून विचारा, आज कारागिरांसाठी काय केलंय? कितीदा तरी मला तिथेच साधं वांगं-आलू आणि ठेचा असा मिळालाय की कार्डावरचं काही आठवलं नाही.

आणि जुना आचारी किंवा मसाला करणारी बाई तिथे नसेल तर ते कुठे गेले ते विचारा. लाजू नका. आपल्या भागात आचारी सहसा फार लांब जात नाही. लग्नाच्या ऑर्डरी घेतो, नाहीतर पुढच्या गावात दुसऱ्याच्या भट्टीवर असतो. पत्ता मिळाला तर त्याच्याकडे जाऊन चार दिवस आधी सांगा, बाजारहाट तुमचा, मजुरी त्याची, जेवण तुमच्या गावच्या घरी. आईला वाटणाजवळ बसवा. आणि भाकरी थापणारी बाई त्याच्याकडूनच सुचवून घ्या, तिची मजुरी वेगळी ठरवून आणि आधी हातात देऊन.